चोपन्न टक्के आणि न केलेला ताळा

आमच्या गल्लीत अजून सांगतात, की सुनेला धुळ्याच्या कॉलेजात शिकवायची जागा मिळाली ती आबांच्या हिशेबामुळे. मी गणिताचा निवृत्त मास्तर, त्यामुळे लोकांना ते पटतं. मीही ऐकून मान डोलावत आलो. खरं उलटं आहे. माझ्या हिशेबानं ती जागा जवळजवळ घालवलीच होती.

सून धरणगावहून जळगावला ये-जा करून एम.एस्सी. झाली. चौथ्या सत्राचा निकाल लागला त्याच आठवड्यात धुळ्याची जाहिरात आली. किमान पंचावन्न टक्के हवेत, आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार. एकत्रित गुणपत्रक अजून आलेलं नव्हतं. हाताशी होते ते चार सत्रांचे चार आकडे, तेही टक्क्यांत नाहीत, ग्रेड पॉइंटांत: ५.२, ५.६, ६.९ आणि पुन्हा ६.९.

मुलगा धुळ्यातच कामाला. तो फोनवर म्हणाला, "दहानं गुणायचं, बात खतम!"

मी त्याला हसलो. पहिल्या सत्राच्या गुणपत्रकामागे रीत छापलेली होती: दहानं गुणा आणि त्यातून साडेसात वजा करा. चारही आकडे मिळवले, चारानं भागले, ६.१५ आले. म्हणजे साडेएकसष्ट, वजा साडेसात. चोपन्न.

"एका टक्क्यानं हुकलं, पोरी," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. आत भांडी जरा जास्तच वाजली.

आणि मला बरं वाटलं. हेच लिहायचं होतं. नातू तेव्हा माझ्याच ताटात जेवायचा. तिला जागा मिळाली की माय-लेक धुळ्याला जाणार, हे मला दिसत होतं. जन्मभर पोरांवर "ताळा करा, ताळा करा" म्हणून ओरडलो, आणि त्या दिवशी हवं ते उत्तर आलं म्हणून ताळा न करताच कागद घडी करून ठेवला.

संध्याकाळी कापसाचा व्यापारी आला. पुढची खोली कापसानं छतापर्यंत भरलेली, आणि दाराशी सकाळी दवात वेचलेला छोटा ढीग. त्यानं दोन्हीकडे ओल मोजायचं यंत्र खुपसलं.

"आबा, एक दहाना, एक चौदाना. बठ्ठा मालले बारा धरस."

मी उसळलो. "अरे, सगळ्या मालाला बारा कसे? ओला ढीग केवढा, कोरडा केवढा! सारखे आहेत का दोन्ही? वजन धरल्याशिवाय सरासरी काढतात का कोणी? शाळेत माझ्या हाताखाली असतास तर कोंबडा केला असता तुझा!"

"तव्हय तं मी शाळामा गऊ नही, आबा," तो म्हणाला.

सून चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप ठेवले, पण गेली नाही.

"आबा, माझी पहिली दोन सत्रंही छोटी होती. सोळा-सोळा क्रेडिटची. नंतरची चोवीस-चोवीसची, प्रकल्पामुळे. म्हणजे माझा ओला ढीग लहानच की!"

व्यापारी बशीतला चहा फुंकत माझ्याकडे बघत राहिला. "आते बोला, मास्तर!"

मी कागद मागितला. प्रत्येक सत्राचा आकडा त्याच्या क्रेडिटनं गुणला, सगळं मिळवून ऐंशीनं भागलं. ६.३ आले. दहानं गुणून त्रेसष्ट, वजा साडेसात. साडेपंचावन्न. ताळा केला. पुन्हा केला. तेवढेच आले.

व्यापाऱ्यानं गल्लीभर सांगितलं, की आबांनी चहा पिता-पिता सुनेला पास केलं. तिनं त्याच रात्री अर्ज भरला आणि तिची निवड झाली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी तिला बाजूला घेतलं.

"पोरी, त्या दिवशी चोपन्न आले तेव्हा मला आनंद झाला होता."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तुम्ही भाजीवाल्याचाही ताळा करता, आबा. माझाच केला नाहीत."

 तिनं नातवाला माझ्या कडेवर दिलं आणि म्हणाली, "पुढे बसा याला घेऊन. याला झोप लागेपर्यंत उतरायचं नाही."

तो पार धुळ्यापर्यंत जागा होता.