आमच्या क्लबचा वैकुंठरथ

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते साचतात. माझ्या छापखान्यात कटिंग मशीनखाली कागदाच्या पट्ट्या साचतात ना, तसेच. रोज झाडून काढाव्यात, तर दुसऱ्या दिवशी ढीग पुन्हा तेवढाच!

जुन्नरला लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापण्यात माझी हयात गेली. पण मंगळवारी संध्याकाळी मी शटर ओढून क्लबच्या मीटिंगला जायचोच. नव्वदच्या दशकात आमच्याकडे सेवाभावी क्लब म्हणजे नवलाची गोष्ट होती. टाय लावायचा, अध्यक्षाने गळ्यात पट्टा घालायचा, पितळी घंटा वाजवायची आणि भाषणं संपली की सगळ्यांनी मिळून बटाटेवडे खायचे. बाहेरचे लोक हसायचे. आम्हीही हसायचो. पण याच टायवाल्यांनी पुढे जे करून दाखवलं, ते आठवलं की मी अजून थक्क होतो.

* * *

मीटिंगची शिस्त गायकवाड सरांच्या ताब्यात. हायस्कूलला गणित शिकवायचे आणि क्लबमध्ये दंड गोळा करायचे. उशीर झाला, दंड. टाय विसरला, दंड. आणि सगळ्यात कहर म्हणजे आनंदाची बातमी असली तरी दंड! मुलगा पास झाला, टाका डब्यात. नवीन मोटरसायकल घेतली, टाका डब्यात. त्या डब्यातून गरजू पोरांच्या वह्या यायच्या, त्यामुळे कोणाची कुरकुर नसायची.

एका मंगळवारी सरांनी अचानक घंटा वाजवली. "कांतिशेठ, उभे राहा. दंड!"

कांतिशेठ म्हणजे बाजारपेठेतल्या कापड दुकानाचे मालक. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ बोलायला आमच्यापेक्षा जास्त जुन्नरचे. ते म्हणाले, "ओ सर, टाय आहे, वेळेवर आलोय. दंड कशाचा?"

"आल्यापासून तुम्ही सारखे हसताय. दुकानात तुम्हाला कोणी कधी हसताना बघितलेलं नाही. घरात काय झालं ते तुम्ही सांगा, दंड किती ते मी सांगतो!"

शेठला नातू झाला होता. डबा भरला!

* * *

देणगी मागण्याची शेठची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ते मागायचेच नाहीत. फक्त जाऊन बसायचे.

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये एक आडते होते, देणगी म्हटलं की त्यांना कमी ऐकू यायचं. शेठ मला घेऊन त्यांच्या गाळ्यावर गेले. गादीवर मांडी घातली, पिशवीतून उकळलेल्या पाण्याची बाटली काढून शेजारी ठेवली. चहा आला, नको म्हणाले. गप्पा नाहीत, काही नाही. समोर क्रेट उतरत होते, लिलाव चालले होते, आणि शेठ आपले शांत बसलेले. येणारा प्रत्येक शेतकरी विचारायचा, "शेट, आज हिकडं कसं?" शेठ नुसते आडत्यांकडे बघून गोड हसायचे.

दुपारपर्यंत आडते घामाघूम झाले. "किती लिहू ते सांगा आन उठा राव! लोकांना वाटतंय माझं दिवाळं निघालं!"

बाहेर आल्यावर शेठ मला म्हणाले, "बघितलंस? माणूस मनाने चांगला असतो रे. फक्त त्याच्याजवळ बसावं लागतं."

* * *

अंगारकीला ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला ही गर्दी व्हायची. क्लबने तिथे चपला सांभाळायचं काम घेतलं. अगदी फुकट. डॉक्टर कुलथे मॅडम, जुन्नरच्या बाळंतपणाच्या डॉक्टर, गावातल्या निम्म्या पोरांना जगात आणलेली बाई. त्या दिवशी पदर खोचून चपला रॅकवर लावत होत्या आणि टोकन देत होत्या.

एक म्हातारी चप्पल काढता काढता थबकली. मॅडमकडे निरखून बघत राहिली. मग हळूच त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, दवाखाना चालंना झाला व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "नाही आजी, चाललाय की."

म्हातारीचा काही विश्वास बसला नाही. दर्शन करून परतताना तिने मॅडमच्या हातात नारळ, प्रसाद आणि वर पाच रुपयांची नोट ठेवली. "व्हईल समदं नीट. माझ्या लेकीला तूच वाचवलं व्हतं."

ती नोट मॅडमनी फ्रेम करून दवाखान्यात लावली.

* * *

आता वैकुंठरथाकडे येतो.

क्लबला एक गाडी घ्यायची होती. सगळे म्हणाले, अॅम्ब्युलन्स. गायकवाड सर एकटे उभे राहिले. त्यांच्या शेजारच्या माणसाचा देह पुण्याहून आणताना गाडी मिळाली नाही, तर टोमॅटोच्या टेम्पोत क्रेटच्या फटीत ठेवून आणावा लागला होता. सर त्या टेम्पोत बसून आले होते. "जिवंत माणसाला जीपवाला तरी घेतो," ते म्हणाले. "मेल्यावर कोणी घेत नाही." एवढं बोलून बसले. दंडाचा डबा हातात तसाच.

कांतिशेठ कळवळून म्हणाले, "अहो, मी शुभ कामाला पैसे मागतो. याला कोणाच्या दारात जाऊन बसू? लोक दार लावून घेतील!"

तरी बसले. आणि गाडी आली. पांढरीशुभ्र, लांब, आत स्ट्रेचर, बाजूला नातेवाइकांना बाक. पुढे मोठ्या काळ्या अक्षरांत नाव मीच रंगवून घेतलं, 'वैकुंठरथ'. गायकवाड सर म्हणाले, "नाव काही का असेना. आमच्या बौद्ध वस्तीतलं कोणी वैकुंठाला जात नाही, पण गाडी आम्हालाही लागते!" टेप एका इलेक्ट्रिशियनने भेट दिला. पठ्ठ्याने तो थेट चावीला जोडला. गाडी चालू केली की वरच्या भोंग्यातून रामधून सुरू, बंद केली की बंद. मधे बटणच नाही!

* * *

लोकार्पणाला फीत कापायला कोणी तयार होईना. ज्याला त्याला पाठदुखी नाहीतर घरी पाहुणे. गाडीला ओवाळायला एकही सुवासीण पुढे येईना, तेव्हा कुलथे मॅडमनी ताट घेतलं. शेवटी एक पुढारी मिळाले. त्यांना भाषणाची सवय, पण विषयाची नव्हती. ते जोशात म्हणाले, "या गाडीचा लाभ तालुक्यातल्या प्रत्येक कुटुंबाला लवकरात लवकर मिळो!"

टाळ्या कोणी वाजवायच्या, तेच कळेना.

ड्रायव्हर नेमले, पण एकही टिकला नाही. मग ठरलं की सभासदांनीच आळीपाळीने गाडी चालवायची. आणि चालवली हो! इंजिनियर, वकील, दुकानदार, कोणाच्याही घरचा देह असो, जात विचारली नाही की पैसा घेतला नाही. कांतिशेठला मात्र गाडीची भीती वाटायची. पाळी आली की मला शेजारी बसवायचे, आणि परतल्यावर अंगावरच्या कपड्यांसकट मागच्या दारी डोक्यावर पाणी ओतून घ्यायचे. पण पाळी त्यांनी कधी चुकवली नाही.

* * *

मे महिना, मोठी लग्नतिथी. पत्रिका मीच छापलेल्या, त्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं, त्या दिवशी तालुक्यात एक जीप मोकळी सापडणार नव्हती. पाळी कांतिशेठची होती. दुपारी कुलथे मॅडमचा फोन आला. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या आरोग्य केंद्रात एक बाई अडली होती. पहिलटकरीण, बाळ आडवं. तिथली गाडी दुसरा पेशंट घेऊन पुण्याला गेलेली. "तिला झोपवूनच आणावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "उशीर झाला तर दोघंही जातील. कोणतीही गाडी पाठवा."

शेठची स्वतःची गाडी वऱ्हाड घेऊन गेली होती. लग्नाचं बोलावणं नसलेली एकच गाडी गावात उभी होती.

शेठनी तिची चावी उचलली. मग म्हणाले, "चल."

केंद्रावरची नर्स गाडी बघून रडायलाच लागली. पण पोरीची सासू पुढे झाली. "चाकं हायती न्हवं? मग घाला आत!" पोरीचं नाव सखू. तिला स्ट्रेचरवर ठेवलं, सासू आणि नर्स बाकावर बसल्या. शेठनी चावी फिरवली आणि रामधून सुरू झाली.

काय सांगू तुम्हाला! रस्त्यावरची माणसं उठून उभी राहत होती. टोप्या उतरत होत्या, ट्रक कडेला थांबत होते. आत सखू ओरडत होती, बाहेर लोक हात जोडत होते. एका फाट्यावर दोन आजोबा नमस्काराला अगदी जवळ आले, आतून किंकाळी ऐकली आणि धोतर सावरत पळाले!

जुन्नरच्या बाजारपेठेत शिरलो तर समोर नवरदेवाची मिरवणूक. घोडा, बँड, नाचणारी पोरं, मुंगीला वाट नाही. शेठनी हॉर्न वाजवला नाही. रामधून ऐकून बँडच थांबला. नवरदेव घोड्यावरून उतरला. पोरांनी घोडा ओढून बोळात नेला, सगळं वऱ्हाड भिंतीला चिकटलं. त्या अरुंद गल्लीतून आमची गाडी सरळ दवाखान्याच्या दारात गेली. अॅम्ब्युलन्सला एवढी वाट मी जन्मात कोणी दिलेली पाहिली नाही.

दिवेलागणीला मॅडम बाहेर आल्या. "मुलगा. आई पण ठीक."

कांतिशेठ पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. त्या दिवशी ते घरी जाऊन डोक्यावर पाणी ओतून घ्यायचं विसरले.

* * *

सखूला घरी सोडायच्या दिवशी पुन्हा लग्नतिथी! शेठ म्हणाले, "आजी, दोन दिवस थांबा, चांगली जीप बघतो."

सासू म्हणाली, "जिनं जीव राखला तीच गाडी पायजे. दुसरीत मी बसायची न्हाई."

निघालो. सखू बाकावर, बाळ तिच्या मांडीवर, सासू शेजारी. वर भोंगा चालूच, कारण तो इलेक्ट्रिशियनही कुठल्यातरी मांडवात रोषणाई करत होता.

एक गोष्ट आमच्या कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. वाडीवर फोन नव्हता. सखूचा नवरा मंचरकडे विहिरीच्या कामावर होता. वाडीला एवढंच कळलेलं, की सखूला वैकुंठरथात घालून नेली. तो निरोप मिळून नवरा त्याच सकाळी धावतपळत पोचला होता आणि जुन्नरला यायला निघतच होता.

आणि चढावरून रामधून आली.

वळण घेतलं तर सगळी वाडी बाहेर. बायकांनी हंबरडा फोडला. माणसांनी टोप्या काढल्या. एक तरुण पोरगा आंब्याखाली मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी माती धरून राहिला. सासू आतून ओरडत होती, "आरं, रडताय कशापायी!" पण भोंग्यापुढे तिचं कोण ऐकणार? शेठ इतके घाबरले, की त्यांना ब्रेक सुचला, पण चावी सुचेना.

मी हात घालून चावी फिरवली. रामधून बंद झाली.

आणि त्या शांततेत, मागून, बाळ रडलं.

वाडीतलं एकही माणूस हललं नाही. शेठ उतरले, मागे गेले, दार उघडलं. सखू पदर सावरत, बाळाला छातीशी धरून, हळूहळू खाली उतरली. आंब्याखालचा पोरगा उठला. चार पावलं चालला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. तिच्यापर्यंत पोचला, पण हात लावायचं धाडस त्याला होईना. शेवटी सखूनेच त्याचा हात धरला आणि बाळाच्या डोक्यावर ठेवला.

सासूने भाकरीचा तुकडा आणि पाणी आणवलं. सुनेवरून ओवाळलं, नातवावरून ओवाळलं. मग वळली आणि वैकुंठरथावरूनही ओवाळून तुकडा लांब फेकला.

आम्ही गाडीत बसलो. कांतिशेठ खिडकीतून म्हणाले, "आजी, बारशाला येतो हां."

"या की," म्हातारी म्हणाली. "पर गाडी हीच आना!"