मालकांचं नाव

मी तिशी ओलांडल्यावर पाटी हातात धरली. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या नेवासा तालुक्यातल्या गावात शाळेच्या बाई दुपारी बायकांचा वर्ग घ्यायच्या. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आधी हसून घेतलं. "आता मामलेदारीन हुनार व्हय?" म्हणाले. मी म्हटलं, "व्हईन की. तवा अर्ज घिऊन माज्याच दारात यायचंय तुमाला." पण पाटी त्यांनीच घोडेगावच्या बाजारातून आणून दिली.

स्वतःचं नाव लिहिता आलं, तेव्हा बाईंनी नवऱ्याचं लिहायला सांगितलं. सगळ्या पदराआड हसायला लागल्या. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मी ते जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही सगळे हटून बसले म्हणून. रेशनच्या दुकानात माझी लेक सांगायची. बाई म्हणाल्या, "तोंडानं नका घेऊ. हातानं लिहायला काय हरकत आहे?" शेजारणीनं त्यांना नाव सांगितलं, त्यांनी पाटीवर काढून दिलं, मी खाली तसंच काढलं. मग म्हणाल्या, "पुसा आणि पुन्हा लिहा." बाकीच्या थुंकी लावून पुसत होत्या. मालकांच्या नावाला थुंकी? मी पाटी तशीच घरी आणली आणि तुळशीपाशी पाण्यानं धुतली. रोज हेच. बाईंनी कपाळावर हात मारला आणि शेवटी माझ्यासाठी तांब्याभर पाणी ठेवायला लागल्या.

चार-पाच महिने झाले असतील. बाजारात एका उधळलेल्या बैलानं मालकांना तुडवलं. निरोप आला तो एवढाच, की ट्रकात घालून नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय, शुद्ध नाही. लेक मामाकडे गेलेली. आणखी कुणाची वाट बघायला जीव थाऱ्यावर होता कुठं? सडकेवर आले, एसटीची पाटी वाचली आणि चढले.

दवाखान्यात खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"घोडेगावच्या बाजारात बैलानं तुडवलं ना, ते."

"बाई, सकाळपासून ढीगभर आलेत. नाव सांगा."

एरवी कुणाच्या बापाला न भिणारी मी! पण आत त्यांचा जीव अधांतरी, आणि अशा वेळी मी नाव घेऊन त्यांचं आयुष्य आणखी कमी करू? बरं, कारकुनापुढं उखाणा तरी कसला घ्यायचा? मागची माणसं ढकलायला लागली. मी खिडकीतून हात घातला, त्याची पेन्सिल उचलली आणि समोरच्या कोऱ्या कागदावर लिहिलं. नाव पुरतं उतरलं. त्यानं वाचलं, वही चाळली आणि कागद माझ्याच हातात देत म्हणाला, "डावीकडचा वॉर्ड. दारावर हा दाखवा."

मालक शुद्धीवर आले होते. पाय प्लास्टरमध्ये, तोंड सुजलेलं. मला बघून त्यांनी पहिलं काय विचारावं? "माजं नाव कुनी सांगितलं गं तुज्यासाठी?"

"कुनी न्हाई. म्या लिव्हलं." मी कागद पुढं केला.

त्यांनी तो उलटासुलटा फिरवून पाहिला. मालक कधी शाळेत गेले नव्हते. आपलं नाव कसं दिसतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला त्यांची एकदम माया आली, इतकी की लग्न झाल्यापासून कधी आली नव्हती.

"काय लिव्हलंय? वाच की."

"तुमाला ठावं हाय."

"मला वाचता येतंय व्हय? तू वाच."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता. मी वाकले, मालकांच्या कानाशी तोंड नेलं आणि वाचलं. उखाणा नाही, आडपडदा नाही, नुसतं नाव.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांचा हात घट्ट धरला.

डोळे न उघडताच ते म्हणाले, "परत वाच."