जेवणाच्या सुट्टीतला वर्ग

लातूरच्या एमआयडीसीतल्या तेल कंपनीत मी लागले, तेव्हा आमच्या दारावर अजून ‘कार्मिक विभाग’ अशीच पाटी होती. एचआर हा शब्द पुण्याच्या मुख्य कार्यालयातून नुकताच आला होता. आत भरतीचं टेबल, हजेरीचं, प्रशिक्षणाचं, आणि खिडकीपाशी कामगार कल्याण अधिकारी गुरुबसप्पा सर. मूळचे उदगीरचे. गेटवर टाइमकीपर म्हणून लागले आणि एकेक टेबल करत खिडकीपर्यंत पोचले. कपाळावर भस्म, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट.

मी हजेरी बघायचे. एकदा भीमाशंकर नावाचा पॅकिंगचा ऑपरेटर दहा दिवस आला नाही. फोनही बंद. नियमाप्रमाणं मी नोटीस टाइप केली आणि सहीसाठी सरांपुढं ठेवली. त्यांनी ती वाचली आणि घडी करून खिशात घातली.

“चल मंजुश्री, आपणच जाऊन येऊ.”

“सर, पोस्टानं जाते ना?”

“कागद पोचतो गं. माणूस का येईना, ते कसं कळायचं?”

निलंग्याची बस धरून आम्ही त्याच्या गावी गेलो. भीमाशंकर अंगणात तुरी बडवत होता. त्यानं लगबगीनं घोंगडी अंथरली आणि पुन्हा तुरीकडं वळला. शेवटी त्याची बायको चांगुणाच म्हणाली, “नवी मशीन आलीय न्हवं सायेब, तिच्यावर समदं इंग्रजीत येतंय. ह्यास्नी मराठीबी धड वाचता येत न्हाई. चुकीचं बटन दाबलं, लई तेल सांडलं. तवापासून घरीच बसून राह्यलेत.”

मी चकित झाले. जुन्या मशीनचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. “पण फायलीत तर ‘सातवी पास’ आहे,” मी म्हणाले.

“ते मीच लिहिलं,” सर हळू आवाजात भीमाशंकरला म्हणाले. “भरतीच्या वेळी मी विचारलं, तू मान हलवलीस. मी पुढं काही विचारलं न्हाई. माझीबी चूक हाय. उद्या ये. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी बसायचं.”

“लोक हसतील सायेब.”

“दार लावून घेऊ की.”

तो आला. सरांनी मशीनवर उमटणारा एकेक शब्द जुन्या हजेरी-कार्डांच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिला. मी बाराखडी घ्यायचे. भाकरी खाताखाता ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘फॉल्ट’ चालायचं. दीड महिन्यानं भीमाशंकरनं एकट्यानं मशीन चालवली. आठवडाभरात आणखी चौघं दाराशी येऊन उभे राहिले, आपणहून.

आता भीमाशंकर शिफ्टचा सुपरवायझर आहे. मी प्रशिक्षणाच्या टेबलावर आले, आणि भरतीच्या मुलाखती पुण्याहून व्हिडिओवर होतात. सर निवृत्त होऊन उदगीरला असतात. अधूनमधून फोन करतात.

“नवीन कोण लागलं? कुठल्या गावचं?”

“थांबा सर, बघून सांगते,” म्हणत मी संगणक उघडते. तोवर ते शांतपणे फोन धरून बसतात.