ओटीत गेलेला भोकाचा पैसा

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, आणि मध्ये कुणी हसलं की मी पुढचं वाक्य विसरते. तर माझ्या हातून एक घोटाळा झालाय. साधासुधा नाही. आमच्या अख्ख्या गल्लीला वाटलं, की आमच्या घरात तांदळाचा दाणा उरलेला नाही.

आणि हे कशामुळे? मी नाणी नीट ठेवायला गेले म्हणून.

नाणी माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. ते सांगोल्याला राहतात. दिवाळीत त्यांनी जुन्या नाण्यांची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. मामाच्या मुलांना नाही, मला. "ही पोरगी बोलत न्हाय, पन बघती नीट," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पिशवीतला सगळ्यांत लाडका होता भोकाचा पैसा. तांबूस, मधोमध गोल भोक. पणजोबा सोलापूरच्या कापडगिरणीत लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्या पगारातला. आजोबांनी बाकीची नाणी नंतर जमवली, सुरुवात याच्यापासून.

आता ठेवायची कुठं? मी आठ दिवस माहिती शोधली. इतका भूगोल वाचला असता तर बाई चक्कर येऊन पडल्या असत्या. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणी खराब होतात, म्हणून ती बाद. आमच्या लाकडी कपाटाला ओल येते, तेही बाद. बाबा म्हणाले, बँकेत लॉकर घेऊ. पण मग मी ती बघणार कधी? शेवटी जाड कागदाच्या पुड्या केल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. इथवर माझं काही चुकलं नव्हतं.

पण भोकाच्या पैशावर हिरवट डाग दिसला. म्हणजे ओल. आणि ओल कशी घालवायची, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मागं बाबांचा मोबाइल बादलीत पडला, तेव्हा आईनं तो तांदळात पुरला होता आणि दोन दिवसांनी तो वाजला. मोबाइल बरा होतो, मग पैसा का नाही होणार? मी छोट्या स्टीलच्या डब्यात तांदूळ घेतले, छान निवडून, आणि पेशंटला मधोमध पुरलं. डबा ठेवला स्वयंपाकघराच्या फळीवर. घरातली सर्वांत कोरडी जागा तीच. आईला सांगितलं नाही. ती हसली असती.

शुक्रवारी शाळेतून आले, तर डबा धुऊन पालथा घातलेला.

झालं असं, की शेजारच्या नरसम्मा काकूंची सून, श्रावणी वहिनी, बाळंतपणासाठी अक्कलकोटला माहेरी निघाली होती. रिक्षा दारात उभी. आईनं घाईघाईनं तिची ओटी भरली. खण, नारळ, डब्यातले सगळे तांदूळ आणि वर एक रुपया. "बरं झालं, तू निवडून ठेवले होतेस," आई मला म्हणाली. म्हणजे वर शाबासकीसुद्धा मिळाली.

तुम्हीच सांगा, ओटीत पैसा निघाला तर कुणाला नवल वाटणार? ओटीत पैसा असतोच. आणि भरलेली ओटी परत मागायची कशी, तीही बाळंतपणाला निघालेल्या बाईची? बरं, रविवारी आजोबा येणार होते. खास नाणी कशी ठेवलीत ते बघायला.

मी धीर करून काकूंच्या दारात गेले. त्या मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या.

"काय गं, बाहेर का उभी? आत ये की."

"काकू, वहिनीच्या ओटीतले तांदूळ... घरात आहेत का?"

"ते तिच्यासंगं गेले की. का गं?"

खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं मी. बाहेर पडलं ते एवढंच: "नाही, डब्यात तेवढेच होते."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. पण काकूंनी सूप खाली ठेवलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग आमच्या दाराकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले. घरातले शेवटचे तांदूळ या बाईनं माझ्या सुनेच्या ओटीत घातले, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी पाच किलोची पिशवी आणून माझ्या हातात दिली आणि आईला न सांगता डब्यात ओतायला बजावलं. मी नको म्हणाले. निदान मला तसं वाटतं. आवाज बाहेर आला नसावा.

कुणाला सांगणार नाही, असंही काकू म्हणाल्या होत्या. शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या चाचींनी मला जिन्यात गाठून तूरडाळ दिली. दुपारी कोपऱ्यावरच्या मावशींनी कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणी दिली. प्रत्येकीनं आईला सांगू नको म्हणून शपथ घातली. मी सगळं पलंगाखाली सरकवत गेले.

संध्याकाळी आईनं झाडू घातला, तो पिशवीला अडला.

मग मला सांगावंच लागलं. आई आधी डोक्याला हात लावून बसली, मग काकूंना सांगायला गेली, की आमच्याकडं तांदूळ आहेत, भरपूर आहेत. पण ती जितकं सांगेल तितकं काकूंना उलटंच खरं वाटायचं. "यंत्रमाग बंद होते तेव्हा तू आमाला जेवणाचे डबे दिलीस, तेव्हा मी लाजले का?" काकूंनी विचारलं. आई परत आली ती लोणच्याची बरणी घेऊन. ओटीतलं मी मागणार नाही, आजोबांना तूच सांगायचंस, एवढं मात्र तिनं ठणकावलं.

रविवारी आजोबा डाळिंबं घेऊन आले. पाणी पिऊन होतंय तोवर काकू आल्या आणि त्यांना म्हणाल्या, "तुमची लेक लई सोसती, पण बोलत नाही." आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी आईकडं असं बघितलं, की मला राहवेना. मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. पुडी, डाग, तांदूळ, ओटी. आयुष्यात एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. शेवटी रडले.

काकूंनी लगेच श्रावणी वहिनीला फोन लावला. पैसा तिच्याकडं होता. माझ्या आईनं बाळासाठी मुद्दाम जुना पैसा दिला, असं समजून तिनं तो देवापुढं ठेवला होता. आत्ताच्या आत्ता भावाच्या हाती पाठवते, म्हणाली.

आजोबांनी फोन हातात घेतला. "न्हाय पोरी, ठेव. माझ्या बापाचा पहिला पगार हाय, बाळाला असू दे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तांदळात सोंडे, किडं हुत्यात, येडे. आनि इचारलं असतंस तर मी काय खाल्लं असतं व्हय तुला?"

बाकीची नाणी त्यांनी पुन्हा माझ्याच हाती दिली.

काकूंनी तांदूळ परत घेतले नाहीत. निदान डाळ तरी परत द्यावी म्हणून मी वर चाचींकडं गेले. पैशाची सगळी हकीकत न अडखळता सांगितली. चाचींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मेरेकू सब समजता बेटा. अम्मा की इज्जत रखने को कित्ती अच्छी कहानी बनाई तू."

आणि त्यांनी पिशवीत आणखी अर्धा किलो डाळ ओतली.

मी शुक्रिया म्हणाले आणि खाली आले.