न्हाणीकडे उतरणारा चेंडू

आमच्या भजनी मंडळात बायका जमल्या की कुणी सासूचा किस्सा सांगतं, कुणी सुनेचा. माझ्याकडे मात्र चेंडूचेच. कपाटाखाली, कुंडीत, देव्हाऱ्यामागे, जिथे एक पांढरा चेंडू सापडतो, तिथे एक किस्सा चिकटलेला असतो. आणि चेंडू रोज सापडतात!

सुरुवात पुण्यात झाली. आमच्या ह्यांनी आमच्या गावातल्या नवी पेठेतलं कापडाचं दुकान मुलाकडे सोपवलं, आणि आम्ही लेकीकडे चार दिवस गेलो. तिचे सासरे नानासाहेब गोल्फ खेळतात. त्यांनी ह्यांच्या हातात काठी दिली. पहिलाच चेंडू असा लांब गेला की ह्यांना वाटलं, एवढी वर्षं आपण उगाच कापड मोजत बसलो!

पण खळग्याजवळ आल्यावर सगळं बिनसलं. वीतभर अंतराला पाच-पाच फटके. नानासाहेब सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "अण्णा, लांबून तुम्ही वाघ. जवळ आलात की शेळी!"

मुलाकडचे ते. उलटून काय बोलणार? परत येताना गाडी मोडनिंबला, आमच्या शेताजवळ आली. तेव्हा हे एकदम म्हणाले, "मी शॉर्ट गेम सुधारणार."

मला वाटलं, काहीतरी तब्येतीचं असेल; निघाले ते खळग्याजवळचे फटके.

*

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये चादर अंथरली गेली. मोराची, माझ्या रुखवतातली! टोकाला आडवी वाटी. सकाळ-संध्याकाळ चेंडू टक, टक, टक. महिन्याभरात दहातले नऊ वाटीत जायला लागले. हे खूश होऊन पुण्याला गेले आणि तिथे प्रत्येक चेंडू खळग्याच्या उजवीकडून गेला. प्रत्येक!

परत आल्यावर हे जमिनीवर पालथे पडून एक डोळा मिटून फरशी बघत होते.

"सापडलं! आपली फरशी डावीकडे न्हाणीला उतरती आहे. म्हणून मला उजवीकडे मारायची सवय लागली. फरशी उखडून नवी बसवू."

"अहो, या उतारावर मी तीस वर्षं पोळ्या लाटल्या," मी म्हटलं. "एकही न्हाणीत गेली नाही!"

*

मग मात्र मी महादेवाला शरण गेले. सोळा सोमवार धरले. देवा, ह्यांचं हे खूळ सुटू दे. मागणं कुणाला सांगायचं नव्हतं. पण उपवास लपतो होय?

ह्यांनी विचारलं, "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच." खोटं नव्हतं!

ह्यांचे डोळे भरून आले. लगेच पुण्याला फोन. "नानासाहेब, माझा गेम सुधारावा म्हणून घरात सोळा सोमवार चाललेत, सोळा!"

*

सातव्या सोमवारी मी अंगणात परातीत चुरमा मळत होते. पलीकडून हे काठीने चेंडू उचलून तुळशीवरून पलीकडे टाकायची प्रॅक्टिस करत होते. एक आला तो थेट परातीत!

मी काढायला हात घातला तर हे ओरडत आले, "हात लावू नको! जिथे पडला तिथूनच मारायचा असतो!"

त्या सोमवारी चुरमा दुसऱ्यांदा केला. पहिला अंगणभर होता.

*

पुढची चूक माझीच. एका संध्याकाळी हे काठी धरून असे ताठ उभे होते की मला राहवलं नाही. हातात निरांजन होतं. म्हटलं, "अहो, काठीचा गळा कशाला दाबताय? हे बघा, ज्योत विझू द्यायची नसते तेव्हा तबक हलकंच धरायचं, मान वर करायची नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा."

ह्यांनी तसं केलं. चेंडू वाटीत. पुन्हा वाटीत. पुन्हा!

मी देवाकडे बघितलं. देव काही बोलला नाही.

*

आता शेवटचा किस्सा. ह्यांनी मोडनिंबच्या शेतात गवताचा गालिचा लावून घेतला. आमचा गडी सिद्राम कळवळून म्हणाला, "मालक, हितं कांदा लई भारी येतोय, आन् तुमी गवत लावताय व्हय?"

तिथे नानासाहेबांना आणि विहीणबाईंना बोलावलं. दहा-दहा चेंडू. हरेल त्याने काठ्या माळ्यावर टाकायच्या, कायमच्या! बरोबरी झाली तर मान मुलाकडच्यांचा, म्हणजे जीत त्यांची. हेही ह्यांनीच कबूल केलेलं. दिवस सोमवार. माझा सोळावा! मी मनातल्या मनात उद्यापनाची यादी करायला लागले.

नानासाहेबांचे सहा आत. ह्यांचेही सहा, आणि एक चेंडू शिल्लक. अंतर दोन हात. हे उभे राहिले आणि पुन्हा काठीचा गळा दाबून ताठ झाले. नानासाहेब मिशीत हसले. "आली बघा शेळी!"

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर बघितलं होतं, तसंच.

चुकला असता की सुटले असते मी! सोळा सोमवार पदरात पडले असते. पण तोंडातून निघून गेलं, "निरांजन!"

मान खाली गेली. हात सैल झाले. चेंडू रमतगमत गेला, काठावर थांबतो की काय असं वाटलं, आणि आत पडला.

हे सिद्रामला मिठी मारून नाचायला लागले. नानासाहेब काठ्या पिशवीत भरू लागले. विहीणबाई धावत आल्या, त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी.

"उपकार झाले हो तुमचे! आमच्या ह्यांच्या या काठ्या सुटाव्यात म्हणून मीही सोळा सोमवार धरलेत."

मी विचारलं, "आज कितवा?"

"पहिलाच! सकाळीच धरला."