मोटारसायकलच्या भारंभार

मोटारसायकलचं वजन किती असतं, हे श्रीवर्धनात कोणाला माहीत नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. अडलं ते माझं.

जुनी मोटारसायकल घेतली त्याच आठवड्यात मी म्हसळ्याच्या वळणावर पडलो. गुडघा फोडून घरी आलो, तर सौ.नं जखमेत हळद दाबता दाबता सांगून टाकलं, "मी हरिहरेश्वराला बोलले आहे. ह्यापुढं गाडीवर तुमच्या केसाला धक्का लागू नये, म्हणून गाडीच्या भारंभार नारळ."

"गाडीच्या? अगं, माणसाच्या भारंभार बोलतात."

"पडते कोण? गाडी. मग तुळा तिचीच."

"बरं, पण नवस आधी फळतो, मग फेडतात."

"तुमच्या बाबतीत उशीर नको."

आमच्या वाडीत माड मोजके. नुकतेच पाडलेले नारळ सगळे देवाला गेले, तर पावसाळाभर आमटीला खोबरं नाही. मी हिशेबी माणूस. नवस फेडायचा, पण एक नारळ जास्त जाता कामा नये!

शेजारच्या नानांची सुपारीची वखार होती. त्यांचा मोठा तराजू आम्ही अंगणातल्या फणसाला टांगला आणि एका पारड्यात गाडी आडवी निजवली.

"असोले नारळ घालू," मी नानांना म्हणालो. "सालासकट जड असतात. कमी लागतील."

"देवाला असोला नारळ कोण वाहतो?" घरातून आवाज आला.

सोलायला बसलो. तळहाताला फोड आले. शंभर नारळ चढले, पारडं ढिम्म. दोनशे चढले, तरी ढिम्म.

"भाऊ, आत पेट्रोल आहे ना?" नाना म्हणाले. "ते कशाला जोखता? ते काय गाडी आहे?"

मुद्दा बिनतोड होता. पेट्रोल डब्यात काढलं. मग सीट काढली, कारण सीट माझ्या सोयीची, गाडीला तिचा काय उपयोग? त्याच न्यायानं दिवा गेला (रात्री मी कुठं जातो?), कॅरियर गेलं, मडगार्डं गेली. साखळीला हात घातला तेव्हा सौ. अंगणात आली.

"हे काय आहे?"

"गाडी," मी म्हणालो.

"ह्यावर बसून दाखवा."

नाना फणसाची पानं न्याहाळू लागले. तिनं एकेक भाग उचलून पारड्यात परत ठेवला. पेट्रोलचा डबासुद्धा. अडीचशेला चार कमी असताना पारडी समान झाली. घरात उरले तीन नारळ, त्यांतला एक कुजका.

नारळ बैलगाडीतून हरिहरेश्वराला पोचवले आणि मी गाडी जोडायला घेतली. सगळं जोडून झाल्यावर ओंजळभर स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. मी जोडणी तीनदा तपासली. गाडी सुरू होईना. म्हसळ्याचा मेस्त्री येऊन बघून गेला, चहा पिऊन गेला. "खोलली कोणी?" एवढंच त्यानं विचारलं.

आता ती पडवीत उभी असते आणि तिच्यावर गोणपाटं वाळत घालतात. सौ. मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, की नवस फळला. मला ते नाकारता येत नाही. त्या दिवसापासून गाडीवर माझ्या केसाला धक्का लागलेला नाही.