अनुमोदक म्हणून माहं नाव

विषय क्रमांक सात आला अन् गटनेते भाऊ माह्याकडं पाहून म्हणाले, "ताई, जरा चहाचं बघता का?"

नगरपरिषदेची सभा चालू होती. मी निवडून आलेली सदस्य. चहा आणाले शिपाई होता, दाराशीच उभा होता. आमच्या पक्षाच्या बाकावर आमी चार बाया. बाकीच्या तिघी ले-आउटच्या, म्हणजे नव्या प्लॉटवरच्या बंगल्यातल्या, मी वस्तीतली. भाऊनं उठवलं ते मलेच.

अन् मी उठली. आज कोणी विचारन, काहून उठली? उठली, बस. अंगात भिनलं होतं. शिपाई बिचारा खजील झाला. म्हणे, "ताई, तुमी काहून? मी आहो ना." राहू दे बाप्पा म्हटलं, अन् त्याच्या हातचा ट्रे घेऊन मी सतरा कप वाटले. तोपर्यंत विषय सात संपला होता. काय झालं विचारलं तर भाऊ म्हणाले, "पाण्याच्या योजनेचं कर्ज. तुमच्याच वस्तीत नळ येणार." मले आनंद झाला. खोटं काहून सांगू? घरी जाऊन मी ते साऱ्यायले सांगतलं.

आमची नगरपरिषद अमरावती रोडवर, वाडीच्या गोडाऊनच्या पुढं. माहा वार्ड अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघाला, तवा मी शाळेचे ड्रेस शिवत होती. भाऊच्या पक्षाले उमेदवार पाहिजे होती. त्यायनं माह्या नवऱ्याले बोलावून सांगतलं होतं, "फार बोलणारी नको, एवढंच पाहा." नवरा घरी येऊन हसत हसत हे बोलला. मीही हसली. कशाले हसली, हे आता आठवलं की सोतःचाच राग येते.

सभेनंतर पंधरा दिवसांनी सकाळी दारात बाया उभ्या. साफसफाईच्या ठेकेदारीतल्या अकरा बाया, सगळ्या आमच्या वस्तीतल्या. हजेरीवरून त्यायची नावं काढली होती. त्यात माही सासूही होती. बावीस वर्षं हे गाव झाडलं तिनं. माह्या नवऱ्याले त्याच झाडूनं शिकवलं, माही पहिली शिलाई मशीनही तिच्याच पैशाची.

कमलाबाई पुढं आली. तिच्या पोरीनं ठरावाची झेरॉक्स काढून आणली होती. पोरगी वाचाले लागली. पाण्याच्या योजनेले कर्ज पाहिजे. कर्ज देणाऱ्याची अट, आस्थापनेवरचा खर्च कमी करा. म्हणून अकरा सफाई कामगार कमी. खाली सूचक म्हणून भाऊचं नाव. अन् अनुमोदक म्हणून माहं.

"तुह्या नावानं आमचं काम गेलं वं," कमलाबाई म्हणाली.

सूचक म्हणजे ठराव मांडणारा, अनुमोदक म्हणजे त्याले पाठिंबा देणारा. आमच्याकडं ही नावं सभा झाल्यावर कारकून बसून भरते. आपल्या मनानं नाही, भाऊ सांगतीन तशी. हजेरीच्या रजिस्टरवर सही झाली की तुमी साऱ्याच गोष्टीले हो म्हटलं, असं धरतात. सगळ्यायले माहीत. कोणी विचारत नाही.

सासूनं एवढंच विचारलं, "तुले ठाऊक होतं का वं?"

"नाही, आई."

"मंग तू तिथी करत काय होती?"

मी चहा वाटत होती. हे मले तिले सांगता नाही आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तिच्या समोर जेवाले बसाची माही हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्याकडं गेली अन् कर्जाची फाईल मागितली. दोन दिवस टाळलं त्यायनं. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीवरून हललीच नाही, तवा देली. वाचत गेली तसं डोकं सणकलं. शहरात, सदर भागातल्या ऑफिसात कर्जाच्या तीन बैठका झाल्या होत्या. खर्च कशात कमी करता, यावर घासाघीस. ले-आउटच्या डांबरी रस्त्याले हात नाही लागला. अध्यक्षाच्या गाडीले नाही. स्वागत कमानीले नाही. शेवटी अकरा झाडू सापडले.

पाणी मलेही पाहिजे. उन्हाळ्यात टँकरच्या मागं मलेच धावा लागते डबे घेऊन. कर्ज घेऊ नका असं मी कधीच म्हटलं नाही. पण ते आमच्याच पोटावर पाय देऊन घ्याचं, अन् त्याच्याखाली नाव आमचंच लिहाचं?

पुढची सभा बजेटची. पहिला विषय नेहमीचा, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. अर्ध्या मिनिटाचं काम. कारकून वाचते, सारे मंजूर म्हणतात, झालं. आदल्या दिवशी पक्षाचा व्हीप घरी आला होता, साऱ्या विषयायले होकार द्या म्हणून. मी तो वाचला, पर्समध्ये ठेवला अन् सभेले गेली. पहिल्याच विषयाले उभी राहिली.

"विषय सातले माहं अनुमोदन नव्हतं. मी चहा वाटत होती. तसं लिहा."

कारकुनानं पेन थांबवला अन् भाऊकडं पाह्यलं.

भाऊ हसले. "ताई, घरचं भांडण घरात. बसा खाली."

"लिहा."

मंग त्यायचा चेहरा बदलला. "तुम्हाला या खुर्चीवर बसवलं कोणी, विसरलात का?"

"घटनेनं बसवलं, भाऊ. तुमी फक्त फॉर्म आणून देला."

माहा आवाज फाटला होता. पण ऐकू सगळ्यायले गेलं. इतिवृत्त कायम कराचं का नाही, यावर मी मतदान मागितलं. नको म्हणणारे हात वर झाले. विरोधी बाकावरचे सात, आठवी मी. इतिवृत्ताच्या बाजूनंही आठच. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत लागते, अन् ते भाऊच्या खिशात, म्हणजे मी हरलीच होती. तेवढ्यात ले-आउटच्या एका बाईनं आमच्यासंगं हात वर केला. तिच्याशी माहं कधी चार शब्द बोलणं नव्हतं. तिनं माह्याकडं पाह्यलंही नाही, नुसता हात वर ठेवला. इतिवृत्त नामंजूर झालं, अन् विषय सातचा ठराव पडला.

सारं सुखाचं झालं असं समजू नका. कर्ज अडकलं. भाऊचा गट फुटला, अध्यक्षावर अविश्वास आणाची तयारी चालू झाली, अन् बजेट लटकून राहिलं. ले-आउटमध्ये लोक म्हणतात, एका बाईनं गावाचं पाणी तोडलं. वस्तीतलेही काही म्हणतात. ठराव पडला तरी हजेरीवर नावं कोणी चढवली नाहीत, अकरा बाया अजून घरीच आहेत. नवरा वाडीच्या एका गोडाऊनवर गाडी चालवत होता, मालकानं त्याले सांगतलं, काही दिवस येऊ नको. तो माह्याशी नीट बोलत नाही. त्याचं मी चूक म्हणू शकत नाही.

व्हीप तोडला म्हणून मले अपात्र कराची नोटीस आली. उद्या सदरले कलेक्टरपुढं सुनावणी आहे. काल भाऊचा माणूस एक टाईप केलेला कागद घेऊन आला. गैरसमजातून बोलली, माफ करा, विषय सात मले मान्य आहे. खाली सहीची जागा. सही केली तर पद राहीन, नवऱ्याचं काम परत सुरू होईन.

मी कागद सासूले वाचून दाखवला, अक्षर न् अक्षर. ती म्हणाली, "तुहं तू पाह्य. मी तर झाडू मारून जगली, पुढंही जगीन."

मी पाह्यलं. भीती वाटते, नाही कशाले म्हणू? उद्या माही खुर्ची जाईन. पण त्या अकरा बायायची नावं हजेरीवर परत येतपर्यंत मी दर सभेले नगरपरिषदेच्या दारात उभी राहीन, सदस्य असली तरी अन् नसली तरी. त्या कागदावर मी सही करणार नाही.